दोघांचं मशीन

त्याचं खरं नाव वखारीतल्या निम्म्या लोकांना सांगता आलं नसतं. सगळे त्याला एकघाव म्हणायचे. विशीत तो कुऱ्हाड घेऊन या जळाऊ लाकडाच्या वखारीत आला, तेव्हा मांडीएवढा ओंडका उभा करून तो आधी कुऱ्हाडीच्या माथ्याने त्यावर टकटक करायचा, मान तिरकी करून कान द्यायचा, ओंडका जरासा फिरवायचा आणि मग एकच घाव घालायचा. दोन फाका दोन बाजूंना पडायच्या. बाकीचे लाकूडफोडे तीनतीन घाव घालून, पाचरी ठोकून, लाकडाच्या सात पिढ्यांचा उद्धार करून जे साधायचे, ते हा एका दमात उरकायचा आणि वर असा चेहरा करायचा, जणू ओंडका आपणहून फुटला.

स्वभावही तसाच. मुलगी बघायला गेला तेव्हा समोरचा चहा गार व्हायच्या आत होकार देऊन मोकळा झाला. दाढ दुखायला लागली. डॉक्टर म्हणाला, आधी औषध घेऊन बघू. हा म्हणाला, उपटा. पुढे त्याच्या लेकीने आपलं लग्न आपणच ठरवलं आणि भीतभीत घरी सांगितलं, तेव्हा त्याने फक्त “कधी?” एवढंच विचारलं. घोंगडं भिजत ठेवणाऱ्या माणसांची त्याला मनापासून चीड होती. असा माणूस दीड वर्षं एक गोष्ट पोटात दाबून बसला होता, हे वखारीत अजूनही कुणाला नीटसं पटत नाही.

मशीन आलं तेव्हा एकघाव चाळिशीचा होता. त्याआधी वखारीत फक्त गोल आरी होती. ती लांब खोडांचे हातभर ओंडके करून द्यायची, पुढचं फोडायचं काम माणसांचं. एके दिवशी मालकाने एक लांबलचक लोखंडी बाकडं आणून शेडमधे बसवलं. बाकड्याच्या एका टोकाला जाडजूड पाचर पक्की केलेली, दुसऱ्या टोकाला तेलाच्या दाबाने पुढे सरकणारा दट्ट्या, खाली डिझेलचं इंजिन. ओंडका मधे आडवा ठेवायचा आणि दांडा ओढायचा. दट्ट्या ओंडक्याला ढकलत नेतो, पाचरीवर चढवतो आणि ओंडका दुभंगतो. ज्या गाठाळ ओंडक्यांपुढे एकघावसुद्धा हात टेकायचा, तेही करकरत का होईना, फुटायचे.

“त्याला काय कळतंय लाकडातलं?” एकघाव म्हणाला.

“काही कळत नाही, म्हणून तर आणलं,” मालक म्हणाला. “ते माझ्याशी वाद घालत नाही.”

महिन्याभरात बाकीचे लाकूडफोडे दुसरीकडे गेले. एकघाव राहिला, कारण त्याची बायको याच वखारीत फाका रचायच्या कामाला होती. सकाळी दोघांनी मिळून घराच्या दाराला कुलूप लावायचं आणि संध्याकाळी दोघांनी मिळून उघडायचं, ही सवय मोडायला त्याचं मन घेईना. मालकाने त्याला दांड्यावर उभं केलं आणि तिला ओंडक्यावर. दोन माणसं लावली की काम दुप्पट होतं, असं वखारीतलं साधं गणित होतं आणि आजूबाजूच्या सगळ्या वखारींत ते तसंच मांडलं जायचं.

त्याच्या बायकोला अख्खी वखार ‘वहिनी’ म्हणायची. वहिनी ओंडका बाकड्यावर घ्यायची, त्याच्या कापलेल्या तोंडावरची केसासारखी चीर शोधायची, ती पाचरीसमोर येईल असा ओंडका फिरवायची आणि तो गडगडू नये म्हणून वर तळवा दाबून धरायची. मग हात काढून घेऊन “हां!” म्हणायची आणि एकघाव दांडा ओढायचा. सुरुवातीला हात आधी निघायचा आणि हां मागून यायचा. वर्षं गेली तशी दोघं निर्ढावली. हां आधी यायला लागला, हात मागून निघायला लागला. दट्ट्याला ओंडक्यापर्यंत पोचायला जो क्षण लागतो, तेवढ्यात तिचा हात बाहेर. बघणाऱ्याच्या अंगावर काटा यायचा. नवराबायकोला त्याचाच अभिमान होता.

“कुठली बायको नवऱ्याला दिवसातून आठशे वेळा हां म्हणते?” मालक गिऱ्हाइकांना सांगायचा.

“घरी एकदाही म्हणत नाही,” एकघाव म्हणायचा, आणि वहिनी हातातली ढलपी त्याला फेकून मारायची.

कान काही एका दिवसात गेले नाहीत. आरीच्या शेजारी आणि इंजिनाच्या उशाशी इतकी वर्षं काढल्यावर ते शाबूत राहिले असते तरच नवल. पण कळलं मात्र तीन दिवसांत. एका सोमवारी सकाळी त्याच्या लक्षात आलं, की बायको हां म्हणत नाहीये. ओंडका ठेवते, हात काढते, त्याच्याकडे बघते, पण शब्द नाही. आदल्या दिवशी घरी गळक्या नळावरून दोघांची चांगलीच जुंपली होती. त्याला वाटलं, हिने अबोला धरलाय. ठीक आहे, अबोला आपल्यालाही धरता येतो. दोन दिवस तो तिच्या हाताकडे बघून दांडा ओढत राहिला आणि घरी गाल फुगवून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने त्याच्यासमोर येऊन विचारलं, “अहो, तुमचं बिनसलंय तरी काय?”

“तूच बोलत नाहीस.”

“मी बोलत नाही? तो नळ दुरुस्त झाला, हे चारदा सांगितलंय मी. भिंतीला सांगितलं असतं तर तिने मान तरी हलवली असती.”

त्या दिवशी मशीनवर त्याने तिच्या तोंडाकडे निरखून बघितलं. तिने ओंडका ठेवला, तळवा टेकवला आणि तिची हनुवटी खाली आली. हां. ती म्हणत होती. सोमवारीही म्हणत होती, मंगळवारीही म्हणत होती. एकघावचा हात सवयीने चालला आणि ओंडका फुटला.

तेव्हाच इंजिन बंद करून सांगून टाकायला हवं होतं. दुसऱ्या कुणाचं असं काही असतं तर त्याने त्याला हेच सुनावलं असतं. पण दांड्यावरून हटवलेल्या माणसाला वखारीत एकच काम उरतं, ते म्हणजे फाका रचणं, आणि त्या कामाला एकघावने जन्मभर ‘भांडी मांडणं’ म्हणून हिणवलं होतं. हे झालं एक कारण. दुसरं कारण त्याने स्वतःशीही मोठ्याने म्हटलं नाही. दिवसाचे आठ तास ती त्याच्या समोर, हाताच्या अंतरावर उभी असायची. घरी दोघांचं बोलणं जेवढ्यास तेवढं. मीठ कमी आहे, दिवा घालवा, उद्या लवकर उठायचंय. त्यांचा खरा संसार त्या बाकड्याच्या दोन बाजूंना चालायचा. तिथे दुसरं कुणी उभं राहिलेलं त्याला सोसलं नसतं. म्हणून तो गप्प बसला आणि हनुवटी बघून दांडा ओढू लागला.

माणूस हुशार होता, महिन्याभरात त्यातही तरबेज झाला. हनुवटी खाली आली की दांडा. घरी, शांत खोलीत, कुणी समोर बसून स्वच्छ बोललं तर त्याला बरंचसं ऐकू यायचं. जे यायचं नाही त्याला तो “हो हो” म्हणायचा. अशाच एका हो हो मधून स्वयंपाकघराच्या भिंती पोपटी झाल्या. रंगारी आला तेव्हा तो थक्क होऊन बघत राहिला, आणि बायको म्हणाली, “तुम्हीच तर हो म्हणालात, मला वाटलं भांडाल.” त्याने पोपटी रंगाची तोंडभरून स्तुती केली.

दुसऱ्या हिवाळ्यात बायकोला खोकला लागला. भुशाची धूळ घशात जाते म्हणून तिने नाकातोंडावर रुमाल बांधला आणि कामाला उभी राहिली. एकघावच्या हातातला दांडा जागीच थांबला. हनुवटी दिसेना.

“तो रुमाल काढ,” तो म्हणाला.

तिने खुणेने विचारलं, का?

“तुझा चेहरा दिसत नाही.”

इंजिन तेव्हा नुकतंच चालू होऊन हळू धडधडत होतं, त्यामुळे हे वाक्य शेडभर ऐकू गेलं. रचाईवर वहिनीची धाकटी बहीण होती, ती तर खालीच बसली हसत. मालक म्हणाला, “वा! लग्नाला तीस वर्षं झाली तरी अजून बघायचा राहिलाय काय?” वहिनी लाजली. या वयात अशी लाजली की कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली. “चळ लागलाय यांना,” ती म्हणाली, पण रुमाल सोडून गळ्यात अडकवला आणि पुन्हा कधी बांधला नाही. खोकला वाढला. तरी बांधला नाही. एकघावला त्या रात्रभर चुटपुट लागून राहिली होती, पण सकाळी हनुवटी दिसली आणि तो कामाला लागला.

हिवाळा सरता सरता ते घडलं. जेवणाच्या सुट्टीनंतरचा पहिलाच ओंडका होता, गाठाळ आणि तिरका. वहिनीने तो दोनदा फिरवला, चीर सापडेना म्हणून डावा हात खाली, पाचरीच्या बाजूला घातला. तेवढ्यात तिला खोकल्याची उबळ आली. हनुवटी खाली गेली. एकघावने दांडा ओढला.

त्याने तो सोडलाही तितक्याच झटक्यात, पण दट्ट्याला मागे यायलाही वेळ लागतो. डाव्या करंगळीचं वरचं पेर गेलं. दवाखान्यात डॉक्टरने बाकीचा हात शिवला आणि म्हणाला, थोडक्यात निभावलं, चार बोटं गेली असती.

आणि वहिनी सगळ्यांना काय सांगत होती? “मला मेलीला खोकला आला, हात राहून गेला माझा.” मालकाला तेच, डॉक्टरला तेच, शेजारणीला तेच. तिला ते खरंच वाटत होतं. आपण हां म्हटलंच नव्हतं, हे त्या गडबडीत तिच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. इतक्या वर्षांत त्याने हां शिवाय दांडा ओढला नव्हता, तेव्हा आपल्याच तोंडून तो निसटला असणार, असं तिने धरून टाकलं होतं.

लेक दुसऱ्या गावाहून धावत आली. आईचा पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन रडली आणि मग रागावली. “आई, इतकी वर्षं तेच काम करतेस, तरी लक्ष कुठे असतं गं तुझं? बाबा होते म्हणून वाचलीस. त्यांनी पटकन दांडा सोडला नसता तर?”

खोली शांत होती आणि लेक समोरच बसली होती. एकघावला शब्द न् शब्द ऐकू आला. तो उठला, “चहा टाकतो,” म्हणाला, आणि पोपटी भिंतींच्या मधे चहाचं पाणी आटेपर्यंत उभा राहिला.

एरवी त्याला वाट बघणं जमत नव्हतं. आता तो कशाची तरी वाट बघत होता. कशाची, ते त्यालाही सांगता आलं नसतं. आज सांगू, जखम भरली की सांगू, लेक परत गेली की सांगू. लेक परत गेली. टाके निघाले. बायको मोकळ्या उजव्या हाताने वखारीतली बारीकसारीक कामं करू लागली, आणि मालकाने ओंडक्यावर तिच्या जागी तिच्या धाकट्या बहिणीला उभं केलं.

ही मेहुणी कामाला वाघीण होती, पण तिच्या तोंडाला विसावा नव्हता. दट्ट्याला निदान तेल तरी लागतं, हिच्या जिभेला तेही लागत नाही, असं मालक म्हणायचा. ओंडका उचलताना ती बोलायची, ठेवताना बोलायची, ऐकायला कुणी नसेल तर ओंडक्याशी बोलायची. एकघावने इंजिन चालू केलं आणि तिच्याकडे बघितलं. हनुवटी खाली, वर, खाली, वर. तिने ओंडक्यावर तळवा ठेवला. हनुवटी चालूच. यातला हां कुठला? तिची दहाही बोटं शाबूत होती, त्यातल्या एकात पितळेची जुनी अंगठी होती, आणि ती सगळी पाचरीपासून वीतभर लांब होती.

त्याने दांडा ओढला नाही. ती थांबली, पुन्हा काहीतरी म्हणाली. त्याने ओढला नाही. तिने मान उडवली, हात हलवले, तोंड मोठं करून काहीतरी ओरडली. रचाईवरचे लोक बघायला लागले. मालक दारातून आत आला. पलीकडे, फाकांच्या ढिगाशी, बायको उभी राहून त्याच्याकडे बघत होती. एकघावने वाकून इंजिन बंद केलं.

“मला ऐकू येत नाही,” तो म्हणाला. “हिचं नाही, कुणाचंच नाही. इंजिन चालू असलं की मला काहीच ऐकू येत नाही.”

मालकाला आधी ती थट्टाच वाटली. मग त्याने एकघावचा चेहरा बघितला. तो वहिनीकडे वळून म्हणाला, “म्हणजे त्या दिवशी…?”

“नाही,” वहिनी ताबडतोब म्हणाली. “त्या दिवशी मला खोकला आला. हात माझाच राहिला.” आणि असं म्हणताना ती नवऱ्याकडे बघत होती. तिच्या डोळ्यांवरून एकघावला कळलं, की हिला आत्ता, या क्षणी, सगळं समजलंय.

घरी गेल्यावर ती शेगडीकडे तोंड करून काहीतरी बोलली. मग तिला आठवलं असावं. ती वळली आणि त्याच्या समोर येऊन बसली.

“कधीपासून?”

“दीड वर्ष झालं.”

“मग दांडा कशावर ओढत होतात तुम्ही?”

“तुझ्या हनुवटीवर. हां म्हणताना ती खाली यायची.”

तिचा हात आपसूक हनुवटीकडे गेला. “म्हणजे तो रुमाल,” ती म्हणाली.

त्याने मान खाली घातली.

“मी त्या दिवशी घरी येऊन आरशात बघितलं होतं,” ती म्हणाली. “वेड्यासारखी उभी राहिले होते. म्हटलं, यांना अजून काय दिसतंय माझ्यात.”

“तेही खोटं नव्हतं गं.”

“आता नका सांगू. आता मला काय कळणार, कुठलं खरं नि कुठलं खोटं?” तिचा आवाज चढला नव्हता, पण तिने प्रत्येक शब्द सुटा करून उच्चारला, म्हणजे त्याला तो चुकू नये. “बोटाचं मला काही वाटत नाही. गेलं ते गेलं. पण माझे दोन्ही हात रोज त्या पाचरीपुढे होते, आणि मी समजत होते की तुम्ही ऐकताय. तुम्ही माझ्या जिवाशी खेळलात, आणि मला विचारलंसुद्धा नाही.”

कुऱ्हाडीच्या दिवसांत कधीकधी घाव चुकून जमिनीत जायचा आणि खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या, तसं एकघावला झालं. ती उठली आणि तिने ताट वाढलं, पण समोर बसली नाही.

दुसऱ्या दिवशी वहिनी थेट मालकापुढे जाऊन उभी राहिली. मशीन आलं तेव्हा त्याला एक नाही, दोन दांडे होते. दोन्ही एकदम ओढले तरच दट्ट्या हलायचा. म्हणजे चालवणारा माणूस एकटा, आणि दट्ट्या सरकत असताना त्याचे दोन्ही हात दांड्यांवर. बनवणाऱ्याने डोकं लावून ते केलेलं होतं. पण दोन माणसं उभी करायची तर एक दांडा अडचणीचा होतो, म्हणून इतर वखारींसारखा यांच्या मालकानेही तो पहिल्याच आठवड्यात कापून टाकला होता. वहिनीने तो भंगारातून शोधून आणला होता.

“हा परत लावून द्या,” ती म्हणाली. “आणि ओंडका गडगडू नये म्हणून बाकड्याला दोन बाजूंनी पट्ट्या जोडा. मशीन मी चालवणार. एकटी.”

“आणि एकघाव?”

“फाका रचेल.”

वेल्डर आला, तासाभरात दांडा जोडून गेला. मालकाला वाटलं होतं, काम निम्म्यावर येईल. तेवढं काही आलं नाही. इतकी वर्षं दुप्पट दुप्पट म्हणून जे मिरवत होते, त्यातलं किती खरं होतं, यावर वखारीत नंतर कुणी फारसं बोललं नाही.

मालक एकघावला कानाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला. आतली नसच गेली होती. कानात घालायचं यंत्र दिलं, पण त्यातून माणसांच्या आधी आरीच ऐकू यायची, म्हणून ते बहुतेक वेळा खिशातच राहायचं. रचाई त्याला वाटली होती तितकी सोपी निघाली नाही. साल वरच्या बाजूला, दोन फाकांमधे हवा खेळायला फट, आणि टोकाला आडव्या-उभ्या फाकांचा खांब, नाहीतर रास बसते, म्हणजे कोसळते. त्याची पहिली रास दुसऱ्या दिवशी सकाळी लोकांच्या डोळ्यांदेखत बसली. मेहुणी पोट धरून हसली, मग येऊन तिने शिकवलं. इतके दिवस जिच्या बडबडीला तो वैतागायचा, तीच आता त्याच्या कामी येत होती, कारण ती आधीच ओरडून बोलायची. बायकोचे निरोपही तिच्याच तोंडून यायचे. “भाऊजी! ताई म्हणते, डबा खाऊन घ्या!” ताई स्वतः वीस पावलांवर दोन दांडे धरून उभी असायची, पण त्याच्याकडे तोंड करून बोलायची नाही. घरीही तेच. ताट मिळायचं, धुतलेले कपडे मिळायचे, चेहरा मिळायचा नाही.

आणि तरी बाहेर ती त्याला झाकतच होती. कुणी बोटाचं विचारलं की खोकला. कुणी डोळे मिचकावून, एकघाव तेव्हाच बहिरा होता म्हणे, असं सुचवलं की, नाही हो, खोकला. घरातलं घरात. एकघावला ते कळत होतं, आणि लाज वाटावी अशी गोष्ट म्हणजे पहिले काही दिवस त्याला त्याने बरं वाटलं. हलकं वाटलं. वखारीत त्याच्याबद्दल कीव होती, बिचाऱ्याचे कान गेले म्हणून. बोटाचं पाप त्याच्या नावावर नव्हतं. मग हळूहळू ते बरं वाटणं सरलं. फाका रचताना डोकं रिकामं असतं, दांड्यावर तसं नसायचं. लेकीचं ते वाक्य त्याला दिवसातून दहादा ऐकू यायचं, तेही कानात यंत्र न घालता.

असे तीन आठवडे गेले. एके दिवशी सकाळी बेकरीवाला टेम्पो घेऊन आला. त्याची भट्टी याच वखारीच्या लाकडावर चालायची, पण मधे तो आजारी होता आणि त्याचा माणूसच येत होता. टेम्पो आत घेता यावा म्हणून वहिनीने इंजिन बंद केलं आणि हात पुसत पुढे आली. एकघाव पलीकडे रास लावत होता. त्याच्या दोन्ही हातांवर फाका होत्या.

बेकरीवाल्याने तिच्या हाताकडे बघितलं. त्याचं तोंड हललं. एकघावला ऐकू काहीच आलं नाही, पण ऐकण्यासारखं होतं काय? प्रत्येक जण तेच विचारायचा. मग त्याने बायकोला बघितलं. तिने उजवा हात छातीवर ठेवला, जरा वाकली, खोकल्याची नक्कल केली आणि ओशाळं हसली. बेकरीवाल्याने मान हलवली, बोट उगारलं आणि लहान मुलीला दम द्यावा तसं काहीतरी तिला सुनावलं. ती ते ऐकून घेत उभी राहिली.

एकघावने हातातल्या फाका तिथेच टाकल्या. अर्धी लागलेली रास घसरली, त्याने मागे बघितलं नाही. तो सरळ त्या दोघांपाशी गेला.

“तिला बोलू नका,” तो बेकरीवाल्याला म्हणाला. “तिची चूक नाही. ती हां म्हणालीच नव्हती. मला ऐकू येत नव्हतं, दीड वर्ष ऐकू येत नव्हतं, आणि मी ते लपवलं. ती नुसती खोकली, आणि मी दांडा ओढला. तिचं बोट मी तोडलंय.”

आपला आवाज किती मोठा झालाय, याचा त्याला अंदाज नव्हता. आरीवरच्या माणसाने आरी थांबवली. मेहुणीचं तोंड, बहुधा जन्मात पहिल्यांदा, बंद झालं. मालक कचेरीच्या खिडकीत आला. बेकरीवाल्याला कुठे बघावं कळेना, तो टेम्पोच्या चाकाकडे बघत राहिला आणि मग लाकूड मोजून घ्यायचं निमित्त करून पलीकडे सरकला. बायको मात्र जागची हलली नाही. एकघावला वाटलं, ही आता आणखी चिडेल. घरातलं आपण चव्हाट्यावर मांडलं. मांडलं तर मांडलं, त्याने मनात म्हटलं, आणि खाली बघत उभा राहिला.

तिने त्याच्या बाहीला धरून त्याला आपल्याकडे वळवलं. तिचा चेहरा पूर्ण त्याच्यासमोर आला, तीन आठवड्यांनी.

“लेकीला सांगितलंत?” तिने विचारलं.

“नाही.”

“मग आज घरी गेल्यावर तिला फोन करा. हेच सांगा. असंच.”

“सांगतो,” तो म्हणाला. “पण ती काय बोलेल ते मला फोनवर ऐकू येणार नाही.”

“मी समोर बसेन,” ती म्हणाली. “ती बोलेल ते एकेक करून तुम्हाला सांगेन. रागावली तर तेही सांगेन. एक शब्द गाळणार नाही.”